ओलीत उभा, तरी तहानलेला

ऊस सोलून खाताना बुडख्याकडची पेरे गोड आणि शेंड्याकडची पाणचट लागतात, हे कोल्हापुरातील लहान पोरालाही ठाऊक असते. परंतु हा भेद का पडतो याचा शोध घेऊ लागल्यास वनस्पतीच्या देहातील एका विलक्षण बंदोबस्ताचे दर्शन घडते. कोयत्याने आडवा छेदलेला ऊस उजेडात धरून पाहावा. गरात जे बारीक ठिपके विखुरलेले दिसतात, तेच चोथ्यात धागे होऊन उरतात, आणि त्या प्रत्येक धाग्यात जलवाहिन्या व रसवाहिन्या शेजारी शेजारी नांदत असतात.

जलवाहिन्या म्हणजे मृत पेशींच्या पोकळ नळ्या. पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ निघून जाते आणि पाण्याचे कण परस्परांना घट्ट धरून असल्यामुळे त्या ओढीने मुळांपासूनचा अखंड जलस्तंभ वर सरकतो, ही उपपत्ती डिक्सन व जॉली यांनी १८९४ साली मांडली. याच पाण्यातून नत्र, पालाश वर चढतात. पानांत सिद्ध झालेली साखर मात्र रसवाहिन्यांतून उतरते, ती कोवळा शेंडा वाढीसाठी खर्ची घालतो आणि पक्व पेरे साठवून ठेवतात. गुऱ्हाळाच्या काहिलीत उकळतो तो हाच साठा.

या साऱ्या व्यवहाराची मेख मुळाशी आहे. मुळांतील रस जमिनीतील पाण्याहून दाट असतो, म्हणूनच पाणी आत शिरते. शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेकाठच्या काळ्या, भारी जमिनींना वर्षानुवर्षे मोकाट पाणी पाजले गेले, निचऱ्याची तजवीज झाली नाही, भूजल वर आले, आणि पाणी उडून जाऊन क्षार तेवढे मागे राहिले. जमिनीतील पाणीच खारट झाल्यावर मुळांची ओढ क्षीण होते. शिवाय चिखलात हवा नसल्याने त्यांचा श्वास कोंडतो, आणि श्वासावाचून अन्न आत ओढण्याची शक्ती त्यांना येणार कोठून? असा ऊस ओलीत उभा राहून तहानेने पिवळा पडतो. आणि तो पिवळेपणा पाहून कळवळ्याने आणखी पाणी पाजणे, हीच माझ्या मते सर्वांत घातक चूक होय.

शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून खारट पाणी बाहेर काढण्याचे काम तेथे झाले, आणि पड टाकलेल्या रानांत पुन्हा ऊस उभा राहिला. म्हणून शेतकरी बंधूंना एवढीच विनंती, की ऊस पिवळा दिसताच दारे धरण्यापूर्वी सरीत दोन हात खड्डा खणावा आणि खाली पाणी लागते का, ते पाहावे.