पोस्टाने बोलायला शिकता येतं का?

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं आपण मुलांना सांगतो. मग बोलण्याचं काय? 'संवादकौशल्य' हा विषय दूरशिक्षणाने शिकायचा म्हटलं, की चेष्टेखोर माणसाला आयतंच कोलीत मिळतं. पुस्तकं घरी येणार, ती रात्रीची भांडी आवरल्यावर वाचायची, प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून पाठवायची आणि शेवटी परीक्षेला बसून 'प्रभावी वक्त्याचे गुण' लिहायचे. या सगळ्यात तोंड उघडण्याची वेळ येते कधी? शंका रास्त आहे. तरीही माणसं अशा शिक्षणक्रमांना नावं नोंदवतात आणि त्यांतली बरीचशी मोठ्या गरजेपोटी नोंदवतात.

ही माणसं असतात तरी कोण? वीस वर्षं टेबलावर खाली मान घालून काम केल्यावर अचानक शाखेचा प्रमुख झालेला कारकून. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलण्याची नोकरी हवी असलेली मुलगी. आणि पंचायतीवर निवडून आलेली एखादी गृहिणी. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि पंचायतींतल्या किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेलं. कायद्याने खुर्ची दिली, पण खुर्चीत बसून बोलायचं कसं हे कायदा शिकवत नाही. ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब भराभर ठराव वाचतात आणि वही पुढे सरकवतात, "ताई, इथे सही करा." अशा वेळी तिला हवं असतं ते एकच वाक्य : "थांबा भाऊसाहेब, हे पुन्हा एकदा वाचा." हे वाक्य जिभेवर येईपर्यंत कधी कधी अर्धा कार्यकाळ निघून जातो. घर, शेत आणि मुलं सोडून कॉलेजच्या वर्गात जाऊन बसणं तिला शक्य नसतं. तिच्यासाठी दूरशिक्षण हाच काय तो वर्ग.

आता थोडं मागे जाऊ. पोस्टाने शिकवण्याची कल्पना रुजली ती इंग्लंडमध्ये, १८४० मध्ये. त्या वर्षी तिथे एका पेनीत देशभर कुठेही पत्र पाठवण्याची सोय झाली. आपल्याकडच्या टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासांमुळे ज्यांचं नाव घराघरांत पोचलं, त्या आयझॅक पिटमन यांनी ही संधी साधली. लघुलिपीचे धडे ते टपालाने पाठवत. विद्यार्थ्याने बायबलमधला उतारा लघुलिपीत उतरवून परत पाठवायचा आणि पिटमन तो तपासून पुन्हा धाडायचे. माझ्या मते यातली महत्त्वाची गोष्ट आहे ती परतीचं टपाल. धडे छापून वाटणं कुणालाही जमलं असतं. पिटमन विद्यार्थ्याच्या चुकीला उत्तर देत होते.

आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. पुढे मुक्त विद्यापीठं आली : आंध्र प्रदेशात १९८२ मध्ये, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये. गंगापूर धरणाजवळच्या या विद्यापीठाने 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतलं आणि मराठीतून शिकण्याची मोठी वाट मोकळी केली. तिथला शिक्षक हा 'समंत्रक', वर्ग म्हणजे 'संपर्कसत्र', कॉलेज म्हणजे 'अभ्यासकेंद्र'. हे शब्द पहिल्यांदा ऐकताना थोडे जड वाटतात, पण त्यांत विचार आहे. समंत्रकाने व्याख्यान झोडायचं नसतं. घरी वाचताना जे अडलं, त्याबद्दल बोलायचं असतं.

दूरशिक्षणाचं पुस्तक लिहिणं ही वेगळीच कला आहे. स्वीडनचे दूरशिक्षणतज्ज्ञ बोरिए होल्मबेरी यांचं म्हणणं असं, की हे पुस्तक म्हणजे एक मार्गदर्शक संभाषण असलं पाहिजे. लेखकाने समोर विद्यार्थी बसला आहे असं समजून बोलावं, त्याला मध्येच प्रश्न विचारावा, थांबून विचार करायला लावावं. म्हणूनच अशा पुस्तकांत घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं असतात, अधूनमधून 'आपली प्रगती तपासा' असे प्रश्न असतात आणि शेवटी त्यांची उत्तरंही दिलेली असतात. संवादकौशल्य शिकवणारं पुस्तक स्वतःच वाचकाशी नीट बोलत नसेल, तर ते खुशाल मिटून ठेवावं. 'संदेशवहनाच्या प्रक्रियेतील अडथळ्यांचे वर्गीकरण' असल्या मथळ्याखाली दोन पानं घालवणारा लेखक स्वतःच एक अडथळा होऊन बसलेला असतो!

मात्र या अभ्यासाची एक बाजू दूरशिक्षणाने उत्तम साधते, आणि तिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. ती म्हणजे लेखी संवाद. अर्ज, तक्रार, सभेची सूचना, इतिवृत्त, अहवाल. इथे ऐकणारा समोर नसतोच. तो कोण आहे, त्याला आधीपासून काय ठाऊक आहे, तो कुठे अडखळेल, हे सगळं आपल्यालाच आधी कल्पून घ्यावं लागतं. टपालाने शिकणाऱ्याला नेमकी हीच सवय लागते, कारण त्याचा परीक्षकही अदृश्यच असतो. पाण्याच्या टाकीसाठी केलेल्या अर्जात पहिली पाच वाक्यं नमस्कार-विनंतीत गेली आणि वॉर्डाचं नाव पाचव्या ओळीनंतर आलं, तर तो अर्ज फायलीत झोपतो. हे कुणीतरी लाल शाईने समासात लिहून दाखवलं, की माणूस सहसा ती चूक पुन्हा करत नाही.

पण लाल शाई हवी ना! गृहपाठावर नुसते दहापैकी सहा गुण आणि एक तिरकी सही, एवढंच परत आलं तर पिटमनच्या आधीच्या काळात गेल्यासारखंच झालं. याच्या जोडीला 'तयार गृहपाठ' विकणारी दुकानं आहेत. इतर विषयांत नक्कल करणारा फार तर अर्धवट शिकतो. संवादकौशल्याचा गृहपाठ विकत घेणारा मात्र दुसऱ्याच्या तोंडाने बोलायला शिकतो. परीक्षेत पास होतो, मुलाखतीत गप्प बसतो.

आणखी एका गोष्टीची इथे झडती घ्यावीशी वाटते. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत आणि स्वस्त पुस्तकांत एक आकडा हमखास भेटतो : संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्या-हावभावांचा ५५. हे आकडे आले अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून. त्यांत एकेकटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच ओळखायला सांगितलं होतं. आपले आकडे भावना आणि आवडनिवड यांच्यापुरतेच आहेत, हे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेलं आहे. शब्दांचा वाटा खरंच ७ टक्के असता, तर परक्या भाषेतलं व्याख्यान ऐकून आपल्याला ९३ टक्के कळायला हवं होतं. तेव्हा टाय कसा बांधावा आणि हात किती जोरात दाबावा यावर पानंच्या पानं खर्च करणारा अभ्यासक्रम दिसला, तर सावध असावं.

आपल्याकडे तर बोलण्याची परंपरा दांडगी. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. शाळाशाळांतून वक्तृत्व स्पर्धा. पण स्पर्धेतलं भाषण बहुधा पाठ केलेलं असतं, आणि घंटा वाजली की संपतं. त्यावर कुणी उलट प्रश्न विचारत नाही. व्यासपीठ गाजवणारा मुलगा पुढे बँकेच्या खिडकीशी दोन वाक्यं धड बोलू शकत नाही, याचं आपल्याला नवल वाटतं. खरं तर तिथे त्याला प्रथमच ऐकावं लागत असतं. दुसरा गोंधळ इंग्रजीचा. संवादकौशल्य म्हणजे फाडफाड इंग्रजी, अशी आपल्या मध्यमवर्गाची पक्की समजूत. कपिल देवचा फोटो असलेलं रॅपिडेक्सचं पुस्तक आणि त्याची कॅसेट एका पिढीने मोठ्या आशेने घरी आणली. भाषा शिकणं चांगलंच, पण जो मराठीतही मुद्द्यावर येत नाही, तो इंग्रजीतही आडवळणानेच जाणार.

मग प्रत्यक्ष बोलण्याचा सराव? तो पुस्तकातून मिळत नाही, हे मान्य करूनच नाव नोंदवावं. म्हणूनच शिक्षणक्रम निवडताना शुल्काच्या आधी दोन प्रश्न विचारावेत : संपर्कसत्रं किती आणि त्यांत विद्यार्थी बोलतात की समंत्रकच बोलतो? आणि गृहपाठावर शेरा मिळतो की नुसते गुण? २०१७ मध्ये केंद्र सरकारचं 'स्वयम्' सुरू झालं आणि २०२० च्या टाळेबंदीत तर सगळी शाळाच पडद्यावर आली. पार्सलऐवजी मोबाइलवर धडे आले, तरी हे दोन प्रश्न जुने झालेले नाहीत. मोबाइलचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे : आपलंच बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकता येतं. पहिल्यांदा ऐकताना आपण किती वेळा 'म्हणजे' म्हणतो, हे मोजून पाहावं.

अभ्यासकेंद्र दूर असेल, तर घरीच करण्याजोगा एक प्रयोग आहे. हॅरल्ड लेव्हिट आणि रोनाल्ड म्युलर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९५१ मध्ये तो प्रसिद्ध केला. एकाने आयतांची जोडलेली आकृती पाहायची आणि ती न दाखवता नुसत्या शब्दांनी वर्णन करायची; बाकीच्यांनी ऐकून कागदावर काढायची. एकदा कुणीही प्रश्न विचारायचा नाही. दुसऱ्यांदा हवे तेवढे प्रश्न विचारायचे. त्यांना असं दिसलं, की प्रश्नांना मुभा असली की वेळ जास्त लागतो, पण आकृत्या बरोबर येतात आणि काढणाऱ्याला आपलं बरोबर आहे असा विश्वासही वाटतो. मुभा नसली की ऐकणारे चिडतात.

आज दुपारी जेवणं झाल्यावर एका कागदावर पाच-सहा आयत एकमेकांना कोपऱ्याने चिकटवून काढा. वर्णनाचं काम घरातल्या सर्वांत अबोल माणसाकडे द्या, पेन्सिली बाकीच्यांच्या हाती. पहिल्या फेरीत घरच्या कर्त्या माणसानेही मध्ये बोलायचं नाही. दुसऱ्या फेरीसाठी मात्र नवी आकृती घ्या आणि चहाचं आधण थोडं उशिरा ठेवा, कारण ती लांबणार आहे.