गृहविम्याची परिभाषा आणि लोकविश्वास : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला निसर्गाच्या कोपाची ओळख ग्रंथांतून करून घ्यावी लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर चढले. जुलै २०२१ मध्ये नदीला पुन्हा मोठा पूर आला आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून मनुष्यहानी झाली. इतके असूनही स्वतःच्या राहत्या घराचा विमा आपण होऊन उतरवणारी कुटुंबे या भागात थोडीच आढळतात. यामागील आर्थिक कारणे उघड आहेत. प्रस्तुत लेखात मात्र या अनास्थेच्या भाषिक बाजूचा विचार करावयाचा आहे. कारण विम्याच्या व्यवहारात विकला जाणारा माल म्हणजे केवळ शब्दांनी बांधलेले एक वचन होय.

‘विमा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याच्या मुळाशी ‘बीम’, म्हणजे भय, हा शब्द आहे. कल्पना मात्र आपल्या व्यापाऱ्यांना अपरिचित नव्हती. ‘जोखमी हुंडी’ या प्रकारात माल सुखरूप पोहोचला तरच हुंडीचे पैसे देय होत. वाटेत जहाज बुडाले तर तोटा हुंडीत पैसा गुंतवणारा सोशी. त्या व्यवहाराचा आधार ‘पत’ हा होता, आणि पत ही माणसाची असे. आधुनिक कंपनी ही विमाधारकाच्या ओळखीतील कोणी व्यक्ती नसते. तिची पत तिने लिहून दिलेल्या मजकुरावरूनच पारखावी लागते. तो मजकूर न कळणाऱ्याने तिच्यावर विश्वास ठेवावा तरी कशाच्या आधारे?

या संदर्भात आपल्या रोजच्या बोलण्यातील एक रचना लक्षात घेण्याजोगी आहे. ‘मी विमा उतरवला’ या वाक्यात बोलणारा कर्ता असतो. आपत्तीनंतर मात्र ‘मला विमा मिळाला’ किंवा ‘मिळाला नाही’ असे म्हटले जाते. येथे कर्ता नाहीसा होऊन केवळ घेणारा उरतो. ‘मला मदत मिळाली’ याच्याशी ही रचना तंतोतंत जुळते. पूरग्रस्तास शासन देते ते सानुग्रह अनुदान. विमा कंपनी देते ती कराराने आलेली रक्कम. पहिल्याचा आधार तलाठ्याचा पंचनामा, दुसऱ्याचा आधार पॉलिसी आणि सर्व्हेअरचा अहवाल. हे दोन्ही ‘मिळणे’ या एकाच क्रियापदात गोळा झाल्याने पंचनामा झाला म्हणजे विम्याचेही काम झाले, असा समज होतो. वस्तुतः कंपनीला वेगळी सूचना देणे आणि पाहणीपूर्वी पुरावे न हलवणे ही विमाधारकाची कर्तव्ये असतात. ती चुकली व दावा अडला, की दोष ‘कंपनीच्या नियतीत’ शोधला जातो.

आता प्रत्यक्ष मजकुराकडे वळू. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही सर्व कंपन्यांसाठी एकरूप अशी पॉलिसी लागू झाली. तिच्यात आग, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, दरड कोसळणे इत्यादी आपत्ती मूळ संरक्षणातच अंतर्भूत आहेत. पूर्वीच्या प्रमाणित आगविमा पॉलिसीत भूकंपासाठी जादा हप्ता भरावा लागे. कोयनेच्या परिसराला हा फरक क्षुल्लक नव्हे. ही पॉलिसी बरीच सोपी आहे यात शंका नाही. तथापि शब्दार्थाचे प्रश्न तिच्यातही शिल्लक राहतात. त्यांपैकी तीन येथे पाहू.

पहिला ‘खचणे’ या क्रियापदाचा. आपल्याकडे जमीन खचते, भिंत खचते, नव्या घराचा पायाही खचतो. पॉलिसीत जमीन खचण्याने झालेली हानी भरून मिळते; परंतु नव्या बांधकामाचे स्वाभाविक बसणे, भराव टाकलेल्या जमिनीची हालचाल आणि नदीकाठची धूप हे अपवाद आहेत. काळ्या मातीवर आणि नदीच्या काठाने वसलेल्या सांगलीत हा भेद कळीचा ठरतो. मराठीतील एक शब्द करारातील तीनचार निरनिराळ्या कोठड्यांत वाटला जातो, आणि वाटणी आपत्तीनंतर कळते.

दुसरा प्रश्न कालवाचक आहे. विमित आपत्ती घडल्यापासून सात दिवसांच्या आत तिच्याच परिणामी झालेली चोरीही या पॉलिसीत येते. भूकंप क्षणात घडतो. तेथून सात दिवस मोजणे सोपे. पुराचे तसे नाही. ‘पूर आला’ ही एक घटना, ‘पूर होता’ ही अवस्था आणि ‘पूर ओसरला’ ही दुसरी घटना. पाणी कित्येक दिवस घरात राहिले व कुटुंब स्थलांतरित असताना बंद घर फोडले गेले, तर सात दिवस कोठून मोजावयाचे? व्याकरणात ज्यास आपण क्रियाव्याप्ती म्हणतो, तिचा हा रोख पैशातील प्रश्न आहे.

तिसरा शब्द ‘किंमत’. घराची किंमत म्हणताना आपण जागेची किंमतही धरतो. विम्यात जागा येत नाही. चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, एवढीच इमारतीची विमा रक्कम. घरातील सामानासाठी या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, आपोआप धरले जातात. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी मात्र वेगळे संरक्षण घ्यावे लागते. जुन्या पद्धतीत २० लाखांच्या इमारतीचा विमा १० लाखांचाच असेल, तर ४ लाखांच्या हानीबद्दल २ लाखच हाती येत. अविश्वासाला जन्म देणारी ही कपात नव्या पॉलिसीत केली जात नाही.

शब्द संदिग्ध असतील तर काय? सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये निकालात काढलेला जनरल ॲश्युरन्स सोसायटी विरुद्ध चंदूमल जैन हा खटला येथे उद्‌बोधक आहे. बंगालमधील धुलियान येथील घरांचा पूर व नदीच्या पात्रबदलाविरुद्ध उतरवलेला विमा कंपनीने अटीनुसार रद्द केला. त्यानंतर घरे गंगेत गेली. न्यायालयाने मान्य केले की संदिग्ध मजकुराचा अर्थ तो लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावावा. परंतु शब्द स्पष्ट असतील तेथे न्यायालय नवा करार रचू शकत नाही, असेही सांगितले, आणि निकाल कंपनीच्या बाजूने गेला. संदिग्धता विमाधारकाला तारते. स्पष्ट शब्दांचे अज्ञान त्याला तारत नाही.

यावरून असे दिसते की, लोकांचा अविश्वास निराधार नसला तरी तो बहुधा चुकीच्या वेळी प्रकट होतो. दावा नाकारल्यावर होणारी चिकित्सा सही करण्यापूर्वी व्हावयास हवी. नाकारलेल्या दाव्याविरुद्ध विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. पण तेथेही वाचला जातो तो मूळ मजकूरच. कर्जाबरोबर बँकेमार्फत घेतलेल्या विम्याबाबत तर हे अधिकच खरे आहे. कारण तेथे पॉलिसीची प्रत पुष्कळदा घरमालकाच्या हाती नसते आणि सामान तिच्यात धरले आहे की नाही, हेही त्याला ठाऊक नसते. ती प्रत मागून घेणे हा त्याचा हक्क आहे.

अभ्यासकांपुढील काम यातूनच स्पष्ट होते. केवळ प्रतिशब्द घडवून भागणार नाही. खचणे, धूप, दरड, पूर ओसरणे हे शब्द पाटणच्या डोंगरात आणि मिरजेच्या मळईत कोणत्या अर्थांनी वापरले जातात त्याची नोंद करून ती कराराच्या व्याख्यांशेजारी मांडली पाहिजे. कृष्णेचे पाणी पुन्हा चढेल तेव्हा या दोहोंमधील अंतर जितके कमी असेल, तितका विश्वासाला आधार अधिक राहील.