प्रणमनी दूरदर्शक, प्राथमिक
वस्तुभिंगाने पाडलेली दूरच्या वस्तूची प्रतिमा नेत्रिकेतून मोठी करून पाहण्याचे उपकरण. वस्तुभिंगाच्या केंद्रांतराला नेत्रिकेच्या केंद्रांतराने भागल्यास वर्धन मिळते, उदा., ७०० मिमी. व २० मिमी. असल्यास ३५ पट. ६० मिमी. व्यासाच्या वस्तुभिंगास सु. १२० पटींपलीकडचे वर्धन निरुपयोगी ठरते. तिवई स्थिर जमिनीवर ठेवावी. दिवसा दूरच्या खांबाचे टोक दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी आणून शोधक दूरदर्शक त्याच्याशी जुळवून घ्यावा. रात्री कमी वर्धनाने प्रारंभ करावा. चंद्र अष्टमीच्या सुमारास पाहावा. पौर्णिमेस सावल्या नसल्याने विवरे उठून दिसत नाहीत. गुरूचे चार मोठे उपग्रहही दिसतात. सूर्याकडे मात्र दूरदर्शकातून वा शोधकातून कधीही पाहू नये. क्षणार्धात दृष्टी कायमची जाऊ शकते.