‘ऊन’ म्हणजे काय?

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात गणेशपुरी नावाचे गाव आहे. तानसा नदीच्या परिसरातील या गावात गरम पाण्याची कुंडे आहेत. समजा, तुम्ही तेथे सहलीला गेलात. तुम्ही कुंडात पाय सोडणार, इतक्यात काठावर बसलेल्या आजी ओरडल्या, “थांब बाळा, पाणी ऊन आहे!”

तुम्ही काय समजाल? उर्दूत ‘ऊन’ म्हणजे मेंढीच्या अंगावरचे केस. पाण्यात ऊन कोठून आले, असा विचार करीत तुम्ही पाय पुढे टाकलात, तर तो नक्कीच पोळेल!

स्वेटरच्या ऊनला मराठीत ‘लोकर’ म्हणतात. आजींच्या वाक्यात ‘ऊन’ म्हणजे गरम. ऊन भात, ऊन दूध असे आपण म्हणतो. येथे ‘ऊन’ हे विशेषण आहे.

आता हे वाक्य वाचा : “बाहेर कडक ऊन पडले आहे.” येथे ‘ऊन’ हे नाम आहे. त्याचा अर्थ सूर्याचा ताप व प्रकाश. उर्दूत त्याला ‘धूप’ म्हणतात. पण मराठीत धूप म्हणजे देवळात सुगंधासाठी जाळतात तो पदार्थ! नाम असताना ‘ऊन’चे रूप बदलते : उन्हात, उन्हाने. विशेषण असताना ते बदलत नाही : ऊन पाण्यात, ऊन दुधाने.

मराठी ‘ऊन’ हा शब्द संस्कृत ‘उष्ण’वरून आला. ‘उन्हाळा’ त्याच कुळातला. राजापूरजवळचे उन्हाळे आणि पालीजवळचे उन्हेरे येथेही गरम पाण्याचे झरे आहेत. उर्दूतील ‘ऊन’ मात्र संस्कृत ‘ऊर्णा’वरून आला. उच्चार एक, पण मुळे दोन.

संस्कृतात आणखी एक ‘ऊन’ आहे. त्याचा अर्थ कमी. मराठीतील ‘उणे’ त्यावरूनच आले. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी. तुमचे ‘उन्नीस’ आणि ‘उनतीस’ही तसेच बनले आहेत. म्हणजे हा शब्द तुमच्या घरी आधीपासूनच आहे!

म्हणून ओळखीचा शब्द दिसला, तरी लगेच अर्थ ठरवू नका. शेजारचे शब्द पाहा, मग अर्थ ठरवा.

स्वाध्याय
१. ‘ऊन’ हा शब्द नाम व विशेषण म्हणून वापरून एकेक वाक्य लिहा.
२. ‘खाली’ आणि ‘राग’ या शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ सांगा.