डावा पुढचा

सकाळचे पावणेनऊ. नॉरफोकच्या सपाट माळावर वारा असा सुटलाय की कागदी कपातला चहा दोन घोटांत गार होतो. समोर पन्नासेक गाड्या रांगेनं उभ्या आहेत. कुणाचं बॉनेट उघडं, कुणी गुडघ्यावर बसून चाकाचे नट आवळतोय, एकाचे नुसते पाय गाडीखालून बाहेर दिसतात. या जागेला इथे पॅडॉक म्हणतात. मला हा डेपोच वाटतो. फरक एवढाच की गाडी का सुटली नाही म्हणून इथे कुणी कंट्रोलरशी भांडत नाही.

ही जागा स्नेटर्टन. दुसऱ्या महायुद्धात इथून अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं उडायची. त्याच विमानतळाच्या जागेवर आता जवळपास पावणेपाच किलोमीटरचा रेसिंग ट्रॅक आहे. आज शर्यत नाही, ‘ट्रॅक डे’ आहे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपलीच गाडी बंद रस्त्यावर पळवायची. वेळ मोजायला बंदी, आणि पुढच्यानं खूण केल्याशिवाय ओव्हरटेक करायला बंदी. दुसरा नियम आमच्या पसरणी घाटात कुणीतरी लावायला हवा होता.

मुलाची गाडी लाल. माझदा एमएक्स-५, दुसऱ्या पिढीची, दोन सीटं आणि कापडी टप. केंब्रिजहून पासष्टेक किलोमीटर आम्ही हिच्यातूनच आलो, संध्याकाळी हिच्यातूनच परतायचं, आणि सोमवारी तो हिच्यातूनच कामावर जाणार. डिकीत दोन डबे, जॅक आणि पान्हा ठेवल्यावर एक जादा चाकसुद्धा बसत नाही, चारांची तर बातच नको. हौस मोठी असलेले ट्रेलर आणतात, इथे येऊन चाकं बदलतात. याला ट्रेलर परवडत नाही. म्हणून ट्रॅकवर तग धरेल, रस्त्यावर कायद्यात बसेल आणि खिशाला झेपेल असा एकच टायर त्याला हवाय. मी आल्यापासून जेवताना हाच विषय. परवा म्हणाला, “बाबा, तुम्हीच चला. जन्मभर टायरच बघितलेत की तुम्ही.”

बघितलेत खरे. एस.टी.च्या सातारा विभागात टायर सेक्शनला चौतीस वर्षं काढली. नवा टायर पुढच्या चाकाला, रिमोल्ड मागे, हे आमचं वेदवाक्य. निवृत्त होऊनही खिशात खडूचा तुकडा ठेवायची सवय गेलेली नाही. उतरवलेल्या टायरवर त्या खडूनं तारीख आणि शेरा लिहायचो. आजही तो कोटाच्या खिशात आहे, विमानातून आलेला.

मी वाकून टायरच्या भिंतीवरचे आकडे वाचतो. १९५/५० आर १५, ८२ व्ही. रुंदी १९५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या निम्मी, रिम पंधरा इंची. ८२ म्हणजे एका टायरनं पेलायचं वजन ४७५ किलो, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत चालेल. साधा, सभ्य, बाजारहाटाचा टायर आहे. चारही टायरांच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून भिंत सुरू होते त्या कडेवर, मी खडूची आडवी रेघ ओढतो.

“हे कशाला?”

“टायर किती आडवा पडतो ते कळेल. चल आता.”

इथेही ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे मी डावीकडे. ट्रॅक घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, बहुतेक मोठी वळणं उजवीकडची. म्हणजे प्रत्येक वळणाला गाडीचा सगळा भार डाव्या बाजूला येतो, आणि त्यातही डाव्या पुढच्या चाकावर. ते चाक नेमकं माझ्या पायांपुढे आहे.

पहिल्या दोन फेऱ्या हळू जातात. तिसऱ्या फेरीला बॉम्ब होल नावाचा खोलगट भाग येतो, आणि तिथून वर आल्यावर कोरम. हे उजवं वळण संपतच नाही. आता संपेल, मग संपेल असं वाटत राहतं, आणि शेवटी तर ते जास्तच आवळतं. माझा खांदा दाराला चिकटलाय. पायाखाली टायर आधी गुणगुणतो, मग कण्हतो, मग चक्क किंचाळतो. मुलगा ॲक्सिलरेटर जरा सोडतो तेव्हा किंचाळणं कण्हण्यावर येतं. पाचव्या फेरीला मात्र सोडूनही थांबत नाही. स्टिअरिंग वळवलंय उजवीकडे आणि गाडी सरकतेय सरळ. रबर तापून मऊ पडलंय.

एक फेरी ब्रेक न मारता, थंड होत घालवून आम्ही परत पॅडॉकमध्ये येतो. तो हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवतो. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नसतो, हे त्याला ठाऊक आहे. बरं वाटतं.

मी आधी डाव्या पुढच्याकडे जातो. खडूची रेघ कडेवरून पुसली गेलीय, भिंतीवरच्या छोट्या त्रिकोणी खुणेच्याही खालपर्यंत. त्या त्रिकोणाच्या आसपास पुसणं थांबलं तर ठीक. खाली गेलं म्हणजे टायर वळणावर लोळतोय, आपल्या भिंतीवर चालतोय. उजव्या मागच्याची रेघ जवळपास शाबूत आहे.

“हवा बघ.”

गेजवर ३३ पौंड. सकाळी थंड असताना २६ होते, कंपनीनं सांगितलेले. तापल्यावर हवा फुगते, म्हणून ट्रॅकवर लोक थोडी काढतात. पण इथे पेच आहे. हवा काढावी तर ही मऊ भिंत आणखी लोळणार, ठेवावी तर फुगलेला टायर कमी जागा टेकवणार. साध्या टायरचा हाच दोष. नक्षीचे ठोकळे उंच, मधल्या खाचा खोल, भिंत आरामासाठी लवचीक. जे रस्त्यावर गुण, ते इथे अवगुण.

आता तो खिशातून वीस पेन्सचं सातकोनी नाणं काढतो. इकडची घरगुती मापपट्टी आहे ही. नाणं खाचेत उभं घालायचं, कडेची उंच पट्टी दिसली नाही तर टायर बरा. कायद्यानं मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत, सगळ्या घेरावर १.६ मिलिमीटर नक्षी लागते. नसेल तर एकेका टायरमागे अडीच हजार पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट. मध्ये नाण्याची पट्टी पूर्ण बुडते. तो सुटकेचा श्वास टाकतो. मी नाणं त्याच्या हातातून घेऊन बाहेरच्या कडेला धरतो. तिथे खाचच उरलेली नाही. बोटाला कड गुळगुळीत लागते, एका जागी तर केसासारखा दोरा दिसायच्या बेतात आहे. दोरा दिसला की मध्ये कितीही नक्षी असो, टायर बाद.

“मध्ये महिनाभराचं पीक उभं आहे रे, पण बांध वाहून गेलाय.”

तो हसत नाही. “म्हणूनच तर नवे घ्यायचेत. पण कुठले?”

डेपोत नवा माल आला की कॅटलॉग कुणी वाचत नसे, ज्या गाडीला तो लागलाय तिच्याजवळ जाऊन बघायचो. आम्ही रांगेतून फिरायला लागतो.

निळ्या एमएक्स-५ जवळ माझ्या वयाचा गृहस्थ फोल्डिंग खुर्चीवर बसलाय. त्याच्या चाकांना नानकांगचे एआर-१, तैवानचा माल. नक्षी अशी जवळपास नाहीच, चार-दोन खाचा आणि मधे सपाट रबर. मी परवानगी मागून तळवा टेकवतो. आताच फेरी मारून आलाय. गुऱ्हाळावरची काकवी हाताला लागावी तसं रबर बोटांना धरतं. वर बारीक खडे आणि दुसऱ्यांच्या टायरचा चुरा चिकटलाय. भिंत अंगठ्यानं दाबून बघतो, हलत नाही. खडूची रेघ इथे कडेवरच थांबली असती. भिंतीवर झिजेचा अमेरिकन आकडा, ८०. जितका आकडा मोठा तितका टायर जास्त टिकाऊ. १०० हा आधार, २००वाला चाचणीत त्याच्या दुप्पट टिकायला हवा.

चौतीस वर्षांचा कारागीर माझ्यात जागा होतो. “हाच घे,” मी म्हणतो. “काय बांधलाय!”

पुढे पिवळी लोटस एलिस. तिचा कारखाना इथून अर्ध्या तासावर, हेथेलला, तोही जुन्या विमानतळावर. हिच्या पुढच्या-मागच्या चाकांची मापं वेगळी, त्यामुळे पुढचे मागे, मागचे पुढे हा खेळच नाही. टायर योकोहामा ए०५२, आकडा २००. म्हणजे टिकाऊ? मालक हसून मान हलवतो. आकडा कंपनीच छापते, आणि ट्रॅकवर हा टायर त्या आकड्याला जागत नाही, असं तो म्हणतो. पकड मात्र राजेशाही, थंडीत आणि पाण्यातही. किंमतही राजेशाही. मुलगा माझ्याकडे बघतो, मी पुढे चालायला लागतो.

शेवटी पांढरी एमएक्स-५, तिशीतल्या एका बाईची. टायर नानकांगचाच, एनएस-२आर. हा दोन मसाल्यांत मिळतो, १२० आणि १८०. हिच्याकडे १८०. नक्षी एआर-१पेक्षा पुष्कळ जास्त, साध्या टायरपेक्षा कमी. भिंत कडक, पण तितकी नाही. काकवी नाही, फार तर कोमट मेण. मला काही विशेष वाटत नाही. ती मुलाला सांगते, मुलगा मला: “सगळ्यात वेगवान नाही हा, पण सुटायच्या आधी सांगतो. आणि मला दोन तास चालवत घरी जायचंय.”

मी तिला विचारायला सांगतो, डावा पुढचा कसा सांभाळतेस? ती चाकाकडे वाकून दाखवते. चाक वरच्या बाजूला किंचित आत कललेलं आहे. गाडीच्या सांगाड्यातच त्याचे बोल्ट असतात, अलाइनमेंटवाल्याकडून तेवढा कल वाढवून घेतला की वळणावर टायर लोळला तरी सपाट टेकतो आणि कड वाचते. शिवाय दर दोन ट्रॅक डेंनंतर डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. हे मात्र मला माहीत आहे, आम्हीही फिरवत असू.

अडीच वाजता आभाळ भरून येतं. पंधरा मिनिटांत नॉरफोक दिसेनासा होतो. सातारचा पाऊस नाही हा, आवाज न करता पडत राहणारा आहे, पण रस्त्यावर पाण्याचा पातळ थर उभा राहतो. निळ्या गाडीचा गृहस्थ एक फेरी मारून बाहेर येतो, खुर्ची घडी करतो आणि गाडी ट्रेलरवर चढवायला लागतो. त्याचे काकवीसारखे टायर गार पडलेत, आणि पाणी बाहेर फेकायला खाचाच नाहीत. “नाव चालवत होतो,” असं काहीतरी तो म्हणतो. पिवळी एलिस जपून का होईना फिरतेय. पांढरी तिच्या मागे, हळू, पण रेघेवर.

मी कठड्याशी उभा आहे. पसरणीत एकदा ब्रेकडाऊन व्हॅननं गेलो होतो, ऐन श्रावणात. रिकामी एस.टी. कठड्याला टेकलेली. मागचे टायर मीच पास केलेले, उन्हात. तेव्हा साहेबांनी एकच विचारलं होतं, “गाडी कुठल्या रस्त्यानं जाणार हे बघितलं होतं का?”

“ऐक,” मी मुलाला म्हणतो. “मघाशी चुकलो. निळ्याचा नको.”

“मलाही तेच वाटत होतं. पांढरीचा?”

“पांढरीचा. १८०वाला. आणि वाचलेल्या पैशांत चाकांचा कल करून घे.”

तो थोडा वेळ पावसाकडे बघतो. त्याच्या डोळ्यांत अजून एआर-१ आहे, मला कळतं. मग तो फोन काढतो, मापं घालतो, आणि किमतीपुढे अंगठा ठेवून मला विचारतो, “चारही ना?”

“चारही. पुढे नवे, मागे जुने हे बससाठी ठीक. या गाडीला चारही एक हवेत.”

परतीला ए-११ रस्त्यावर ट्रकांचा फवारा काचेवर येतो. तो एरवीपेक्षा हळू चालवतो. मी डाव्या पुढच्याचा आवाज ऐकत बसतो. पाणी खाचांतून जाताना सूं असा एकसुरी आवाज येतो. तो मध्येच बंद पडला तर समजायचं चाक पाण्यावर तरंगलं. केंब्रिजपर्यंत तो बंद पडत नाही. मधली नक्षी शेवटचं काम करते.

गॅरेजात दिवा लावल्यावर तो आत चहा टाकायला जातो. मी जुन्या फडक्यानं डाव्या पुढच्याची भिंत कोरडी करतो. त्याचं वीस पेन्सचं नाणं माझ्याच खिशात राहिलंय. खडूचा तुकडा दमट झालाय, दोनदा ओढल्यावर उमटतो. तारीख घालतो, आणि खाली शेरा लिहितो, डेपोत लिहायचो तसा: उतरवा.