पंचविसाव्या वाढदिवसाला कुठला किनारा?

मराठी लग्नांचे वाढदिवस समुद्राच्या सोयीनेच येतात. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त निघू लागतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास बसला की थांबतात. म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून जून-जुलैपर्यंत. कोकण-गोव्याचा दर्या शांत असतो तो साधारण ऑक्टोबर ते मे. दोन्ही वेळापत्रकं जवळजवळ एकमेकांवर बसतात. तेव्हा रौप्यमहोत्सवी सहलीला समुद्रच हवा, हा हट्ट अगदी रास्त आहे.

पंचाईत होते ती रिसॉर्ट निवडताना. फोटोंत सगळीकडे तोच निळा तरणतलाव, तीच पांढरीशुभ्र चादर, चादरीवर टॉवेलचे तेच दोन हंस. खरा फरक खोलीसमोरच्या पाण्यात असतो. म्हणून आधी किनारा ठरवा, रिसॉर्ट मागाहून. आणि किनारा ठरवायला हॉटेलचे स्टार मोजण्यापेक्षा भिंतीवरचं पंचांग जास्त कामाला येतं.

तिथी गुणिले पाऊण

कोकणातल्या दर्यावर्दींचा हा जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ हातात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवसा एकदा, रात्री एकदा. मुंबईच्या आसपास हा हिशेब छान जुळतो. मालवण-गोव्याकडे भरती तासभर आधी येते, तेवढं वजा करायचं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

आता हा हिशेब वाढदिवसाला लावून बघा. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आगेमागे, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला. त्या वेळी पुळण सर्वांत रुंद झालेली असते, कारण पौर्णिमेला उधाण असतं आणि पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे हटतं. ओल्या वाळूचा आरसा झालेला. समोर सूर्य समुद्रात उतरतोय आणि त्याच सुमाराला पाठीमागे माडांच्या वर पूर्ण चंद्र येतोय. पश्चिम किनाऱ्यावर हा योग महिन्यातून एकदाच जमतो, तोही फुकट. महागातल्या महाग खोलीतून हे दिसत नाही, त्यासाठी वाळूवर उभं राहावं लागतं. तारीख दोन-तीन दिवस मागेपुढे करता येत असेल तर माझं मत ठाम आहे: पौर्णिमा धरा.

अष्टमीला उलटं. संध्याकाळी सहाला भरती, वाळूची पट्टी अरुंद. पण भांगाचे दिवस असल्याने पाण्याची चढउतार कमी असते. लांबवर चालण्यापेक्षा आरामखुर्चीत बसून लाटा बघायच्या असतील, तर हे दिवस चांगले. एक मात्र दोन्ही वेळी पाळायचंच: पाणी ओसरत असताना खोलात जायचं नाही. ओढ समुद्राकडे असते.

लग्नाच्या रात्रीचा चंद्र

दर १९ वर्षांनी इंग्रजी तारीख आणि तिथी पुन्हा जवळपास एकत्र येतात. १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास यांत केवळ दोनेक तासांचा फरक राहतो, त्यामुळे हे घडतं. म्हणून १९व्या, ३८व्या आणि ५७व्या वाढदिवसाला आकाशात लग्नाच्या रात्री होता तसाच चंद्र असतो. १९वा वाढदिवस कुणी थाटात करत नाही, पण समुद्रकिनारी करायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पंचविसाव्याला चंद्र सहा दिवस पुढे सरकलेला असतो. शुद्ध नवमी-दशमीच्या आसपास लग्न झालं असेल, तर रौप्यमहोत्सवाला पौर्णिमा चालून येते. पन्नासाव्याला हा फरक बारा-तेरा दिवसांचा होतो.

अमावास्या मिळाली तर

निराश होऊ नका. हिवाळ्यात अरबी समुद्रात नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्मजीव वाढतात आणि लाट फुटताना निळा प्रकाश टाकतात. चांदण्यात आणि दिव्यांच्या झगमगाटात ते जाणवत नाहीत. त्यासाठी काळोख हवा, म्हणजे अमावास्येच्या आसपासची रात्र आणि कमी उजेडाचं गाव. हे जीव कुठे, कधी येतील याची हमी कुणी देत नाही. तरी नोव्हेंबर ते जानेवारीत जाणार असाल, तर रात्रभर फ्लडलाइट लावणारं रिसॉर्ट टाळा. ज्या वाडीत नऊ वाजता दिवे मालवतात तिथे राहा.

एक देश, दोन सूर्यास्त

डिसेंबरात रत्नागिरीला सूर्य सहानंतर मावळतो, अंदमानात पाच-सव्वापाचला. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण रेखांशांत सुमारे २० अंशांचं अंतर. हे माहीत नसलेली जोडपी राधानगर किनाऱ्यावर पोहोचतात तेव्हा अंधार पडलेला असतो. पूर्वीच्या हॅवलॉकचं, म्हणजे आजच्या स्वराज द्वीपाचं, एक वैशिष्ट्य मला फार आवडतं. पश्चिमेला राधानगरवर सूर्य पाण्यात मावळतो आणि पूर्वेच्या काळापत्थर किनाऱ्यावर पाण्यातूनच उगवतो. कोकणात सूर्योदय डोंगरामागून होतो. समुद्रातून उगवणारा सूर्य हवा असेल तर पूर्वेकडे जावंच लागतं.

मालदीवचा थाट वेगळा. राजधानी मालेचं घड्याळ भारताच्या अर्धा तास मागे आहे. पण तिथली बरीच रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ मालेच्या तासभर पुढे ठेवतात, म्हणजे पाहुण्यांना संध्याकाळ लांबलेली वाटते. परतीचं विमान मात्र मालेच्या वेळेने सुटतं.

पाण्यावरची घरं मालदीवातच का?

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाण्याची पातळी चार ते पाच मीटर वरखाली होते. गोव्यात दोनेक मीटर, मालदीवात जेमतेम एक. शिवाय तिथे प्रवाळाची कडी लाटांना बाहेरच थोपवते. म्हणून खांबांवरची खोली, तिच्या पायऱ्या थेट पाण्यात, हा प्रकार तिथे निभतो. अलिबागेत त्याच पायऱ्यांखाली सकाळी पाणी आणि दुपारी चिखल दिसेल.

पाण्याचा रंगही भूगोलच ठरवतो. मालदीवात नदी नाही, त्यामुळे गाळ नाही. तळाशी पांढरी वाळू. ती वाळू बऱ्याच अंशी पोपटमाशाची करणी. हा मासा प्रवाळ कुरतडतो आणि पोटातून बारीक वाळू बाहेर टाकतो. कोकणात डोंगरातून नद्या उतरतात, गाळ आणतात, म्हणून पाणी हिरवट-करडं. पण त्या गाळावरच कोकणातली मासळी पोसली जाते. ताटात सुरमई हवी आणि पाणी काचेसारखं हवं, हे दोन्ही एकाच ठिकाणी क्वचित मिळतं. मालवणजवळचं तारकर्ली दोहोंच्या सर्वांत जवळ जातं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तिथलं पाणी बरंच निवळलेलं असतं आणि स्कूबासाठी पोहता येण्याचीही अट नसते. प्रशिक्षक बरोबर उतरतो. वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदा समुद्राचा तळ बघणं हा वाढदिवसाचा उत्तम बेत आहे. रक्तदाब, दमा किंवा कानाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वाळूचे रंग बघायचे तर रत्नागिरी गाठा. एकाच गावात काळा समुद्र आणि पांढरा समुद्र. मांडवीकडच्या काळ्या वाळूत लोहयुक्त खनिजं आहेत. लोहचुंबक फिरवला तर कण चिकटून येतात. दापोलीजवळ लाडघरला पाणी तांबूस दिसतं, म्हणून ते तामसतीर्थ.

‘खासगी किनारा’ असं लिहिलंय?

आपल्याकडे भरतीरेषेच्या खालची वाळू कुणाच्या मालकीची नसते. शिवाय १९९१पासून किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत आणि गावठाणाबाहेरच्या बऱ्याच भागांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत ही मर्यादा ५० मीटरवर आणली. म्हणून कोकणातलं चांगलं रिसॉर्ट बहुधा माडा-पोफळींच्या मागे असतं, आणि समुद्राकडे जायला पाच मिनिटांची पाणंद. ती पाणंदच अर्धी मजा आहे. ‘सी व्ह्यू’साठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा वाडीकडची खोली घ्या आणि वाचलेल्या पैशांत एक रात्र जास्त राहा.

मे महिन्यातली लग्नं

वैशाखातलं लग्न म्हणजे वाढदिवस ऐन उन्हाळ्यात, शाळांच्या सुट्टीत, चढ्या भावात. पण हापूसही तेव्हाच. गुहागर, वेंगुर्ले, देवगड इथल्या घरगुती निवासांत मे महिन्यातल्या जेवणाची बरोबरी कुठलं पंचतारांकित हॉटेल करेल असं मला वाटत नाही. दुपारभर पंख्याखाली, संध्याकाळी वाळूवर. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे दुपारनंतर जोर धरतात, म्हणून पश्चिमेकडे उघडणारी ओसरी असलेली खोली मागा. होडीतून फिरायचं असेल तर भल्या सकाळी. तेव्हा पाणी निवांत असतं आणि डॉल्फिन दिसायची शक्यताही जास्त.

जूनमधल्या वाढदिवसाला एक गोष्ट ध्यानात ठेवा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, जलक्रीडाही बंद. तेव्हाचा समुद्र फक्त बघायचा.

उन्हाला फारच घाबरत असाल तर मॉरिशस. विषुववृत्ताच्या पलीकडे असल्यामुळे मेपासून तिथे हिवाळा सुरू होतो: कोरडी हवा, सुखद ऊन. आग्नेयेचे वारे पूर्व किनाऱ्याला झोडपतात, तेव्हा या महिन्यांत पश्चिमेचं किंवा उत्तरेचं रिसॉर्ट घ्यावं. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्यांत कोकणातले मराठीही होते. त्यांचे वंशज आजही मराठी सण करतात आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते.

गोवा: आवाज किती हवा?

गोव्यात किनारा निवडणं म्हणजे आवाज निवडणं. गजबज हवी तर कळंगुट-बागा. शांतता हवी तर कासवांच्या मागे जा: मोरजी, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यामुळे वनखात्याचं लक्ष असतं आणि दिवे-गोंगाटावर बंधनं. लांब चालायची हौस असेल तर दक्षिणेकडे. वेळसांवपासून मोबोरपर्यंत वीसहून अधिक किलोमीटरची सलग वाळू आहे. मोठी रिसॉर्ट तिथे रांगेने उभी आहेत.

इतिहासाची आवड असलेल्या जोडप्यांनी आग्वादकडे बघावं. १६१२चा पोर्तुगीज किल्ला आणि त्याच्या बुरुजाला लागून १९७४मध्ये उघडलेलं ताजचं रिसॉर्ट. १९८३च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दिल्लीतली परिषद मध्येच थांबवून विश्रांतीला याच भागात आले होते. आणि तेरेखोल! नदीच्या महाराष्ट्राकडच्या काठावर असूनही गोव्यात मोडणारा हा चिमुकला किल्ला. सावंतवाडीकरांकडून तो १७४६मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. पुढे त्यात हॉटेल झालं तेव्हा सात खोल्यांना सात वारांची नावं दिली होती. लग्नाच्या वाराची खोली मागायला याहून चांगली जागा कुठली असती?

वेळासला रिसॉर्ट नाही, तरीही

माझी स्वतःची पहिली पसंती मंडणगड तालुक्यातल्या वेळासला. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२मध्ये इथे कासवांच्या संवर्धनाचं काम हाती घेतलं आणि २००६पासून कासव महोत्सव सुरू झाला. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत सकाळ-संध्याकाळ पिल्लं वाळूवर सोडली जातात. तळहाताएवढा जीव धडपडत लाटेकडे निघतो आणि दोरीच्या अलीकडे उभी असलेली माणसं श्वास धरून बघतात. राहायचं गावकऱ्यांच्या घरात, जेवायचं त्यांच्या पडवीत. पिल्लं आलीच नाहीत असाही दिवस उगवतो, म्हणून दोन रात्री ठेवा.

आगाऊ पैसे भरण्याआधी

व्यवस्थापकाला चार प्रश्न विचारा. संध्याकाळी सहाला तुमच्यासमोर वाळू किती उरते? समोरच्या पाण्यात तुमची स्वतःची माणसं पोहतात का? गणपतीपुळ्यासारख्या एकदम खोल होणाऱ्या किनाऱ्यावर याचं खरं उत्तर ‘नाही’ असंच येतं. जीवरक्षक असतो का? गोव्यात २००८पासून ती व्यवस्था आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहायचं. आणि चौथा: त्या दिवशी तुमच्या हिरवळीवर कुणाचं लग्न आहे का? मुहूर्ताच्या तारखेलाच तुमचाही वाढदिवस असतो, तेव्हा हा प्रश्न सर्वांत आधी विचारला तरी चालेल. लग्न असलंच, तर डीजेपासून लांबची खोली मागून घ्या.