जुपिटरमध्ये आर दिसत नाही? आधी कर्नल समजून घ्या

आर इन्स्टॉल केलं, जुपिटरही आहे, तरी नवीन नोटबुक उघडताना यादीत फक्त पायथन. असं का? कारण जुपिटर स्वतः कोड चालवत नाही. तो कर्नल नावाच्या वेगळ्या प्रोग्रॅमकडे कोड पाठवतो आणि आलेलं उत्तर दाखवतो. आरसाठीचा कर्नल म्हणजे आयआरकर्नल.

तो बसवायचे दोन मार्ग आहेत.

पहिला: टर्मिनलमधून आर उघडा, आयआरकर्नल पॅकेज घ्या आणि त्यातलं ‘इन्स्टॉलस्पेक’ फंक्शन चालवा. कर्नल कुठे आहे हे जुपिटरला या दुसऱ्या पायरीतच कळतं, म्हणून ती गाळू नका.

दुसरा: कोंडाच्या स्वतंत्र एन्व्हायर्नमेंटमध्ये जुपिटर आणि आयआरकर्नल एकत्र टाका. आर सोबतच येतं, नोंदणीही होते.

पहिल्या मार्गात एक धोका आहे. वेगळं नाव न देता दुसऱ्या आवृत्तीचं आर नोंदवलं, तर जुनी नोंद पुसली जाते. यादीत नाव तेच, आत आर मात्र वेगळं! आर ४.०.० मध्ये (२०२०) डेटा फ्रेममधला मजकूर आपोआप फॅक्टर होणं बंद झालं; म्हणजे तोच कोड वेगळा वागू शकतो.

म्हणून प्रत्येक प्रकल्पाला वेगळं एन्व्हायर्नमेंट ठेवा आणि नोटबुकच्या शेवटच्या सेलमध्ये ‘सेशनइन्फो’ चालवा. प्रबंधातले आकडे कोणत्या आवृत्तीतून आले, हे गाइडनी विचारलं तर उत्तर तयार असेल.